नितळ पाण्याची नदी शोधताना

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, वसईच्या हिरव्या पट्ट्यात निर्मळ हे गाव आहे. शंकराचार्यांची समाधी, परशुरामाच्या कथेशी जोडलेले तळे आणि कार्तिक वद्य एकादशीची जत्रा यांसाठी ते सर्वदूर ठाऊक आहे. नावातच पाण्याचा गुण सांगणाऱ्या या गावात तळे आहे, विहिरी आहेत, वाड्यांमधून बावखले आहेत. नदी मात्र नाही. एके काळी खाडीची वाट थेट शूर्पारक बंदरापर्यंत येत असे. १८८२ मध्ये सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला आणि १९५६ मध्ये शेजारच्या भुईगावात नवव्याचा. ज्या मुलखात सम्राटाची आज्ञा दगडावर कोरून लावली गेली, तेथे गलबतांचा राबता केवढा असेल याची कल्पना यावरून येते. आज त्या खाडीचा बराच भाग गाळाने भरला आहे. होडी घालायची हौस असलेल्या निर्मळकराला आता पूर्वेकडे, महामार्गाच्या पलीकडे जावे लागते.

ही हौस अलीकडे वाढली आहे. मेघालयातील डावकीजवळच्या उमनगोट नदीची छायाचित्रे अनेकांनी पाहिलेली असतात. होडी पाण्यावर नसून हवेतच तरंगते आहे असे वाटावे, इतके ते पाणी पारदर्शक असते. ती पाहिल्यावर एक प्रश्न हमखास विचारला जातो: असे पाणी आपल्याकडे, मुंबईपासून दोन तासांच्या अंतरावर, कुठे मिळेल? या प्रश्नात ‘कुठे’पेक्षा ‘केव्हा’ला अधिक महत्त्व आहे. उमनगोटसुद्धा पावसाळ्यात गढूळच वाहते. ती छायाचित्रे हिवाळ्यातली असतात.

नदी नितळ का दिसते, हे आधी समजून घ्यायला हवे. पावसाचे पाणी जमिनीवरून धावत नदीत येते तेव्हा माती, पालापाचोळा आणि वाटेतली सगळी घाण सोबत घेऊन येते. तेच पाणी जमिनीत मुरले, खडकांच्या फटींतून आठवडे किंवा महिने वाट काढत राहिले आणि मग झऱ्याच्या रूपाने बाहेर आले, की त्यातला गाळ मागे राहिलेला असतो. म्हणजे नितळ नदी हे उघड्यावर आलेले भूजलच असते. पाऊस थांबल्यानंतरही जी नदी वाहते, ती झऱ्यांच्या जिवावर. तिच्या पात्रात दिसते ते विहिरीतल्या पाण्याचेच भावंड.

जगातल्या खऱ्या ‘झऱ्यांच्या नद्या’ चुनखडकाच्या प्रदेशात सापडतात. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अशा नद्या बऱ्याच आहेत. पाण्यात विरघळणाऱ्या चुनखडकात गुहा आणि भुयारे तयार होतात, त्यांत अफाट पाणी साठते आणि ते एखाद्या मोठ्या नळासारखे बाराही महिने उसळून वर येते. तेथील इचेटकनी नदीचे पाणी उन्हाळा असो वा हिवाळा, सुमारे २२ अंश सेल्सिअसच राहते. तेथे वल्हवायला जाणाऱ्याला ऋतूचा फारसा विचार करावा लागत नाही. विचार करावा लागतो तो गर्दीचा. कारण पाण्याखालच्या वनस्पती तुडवल्या जाऊ नयेत म्हणून दिवसाला किती लोकांना पाण्यात सोडायचे यावर मर्यादा घालावी लागली. तेवढ्यानेही भागलेले नाही. दूरवरच्या शेतांतले खत आणि वस्त्यांचे सांडपाणी जमिनीत मुरून झऱ्यांतून बाहेर येते. त्यातल्या नायट्रेटवर शेवाळ पोसते आणि एकेकाळी निळे दिसणारे झरे हिरवट होत चालले आहेत.

महाराष्ट्राचा पाया चुनखडकाचा नाही, काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा प्रदेश घडला. थराचा वरचा भाग सच्छिद्र आणि झिजलेला, खालचा घट्ट. पाणी वरच्या भागात मुरते, घट्ट खडकाशी अडते आणि डोंगराच्या कुशीत जेथे दोन थरांचा सांधा उघडा पडतो तेथून झिरपते. सह्याद्रीतले बहुतेक झरे असेच आहेत. मात्र या खडकात साठा फार थोडा होतो. पाऊस मुसळधार पडतो आणि बहुतांश वाहून जातो. मुरलेले पाणी दिवाळीनंतर महिन्या-महिन्याने ओसरत जाते. म्हणून कोकणातल्या नद्यांचे वेळापत्रक मोठे विलक्षण आहे. पाणी भरपूर असते तेव्हा ते गढूळ असते आणि नितळ होते तेव्हा ते उतरणीला लागलेले असते. या दोन्हींच्या मधला काळ तेवढा वल्हवणाऱ्याचा. साधारणपणे निर्मळच्या जत्रेच्या सुमारास तो सुरू होतो आणि माघाबरोबर सरतो.

वसईकरांना सर्वांत जवळ पडणारी अशी नदी म्हणजे तानसा. शिरसाडहून मांडवी, पारोळ, उसगाव करत वज्रेश्वरीला जाणारा रस्ता तिच्या खोऱ्यातूनच जातो. विरारहून वज्रेश्वरी तीसेक किलोमीटर आहे. चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकून देण्यासाठी ज्या देवीला नवस केला आणि १७३९ च्या विजयानंतर जिचे मंदिर उभे राहिले, तीच ही वज्रेश्वरी. तिच्या परिसरात, अकलोली आणि गणेशपुरीला, तानसेच्या काठावर गरम पाण्याची कुंडे आहेत. त्यामुळे तानसा ही उन्हाळ्यांच्या, म्हणजे गरम झऱ्यांच्या, पाण्यावर वाहणारी नदी असल्याचा समज अनेकांचा होतो. तो खरा नाही. देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त म्हणजे हे गरम पाणी, अशी लोककथा आहे. शास्त्र सांगते ते असे: पावसाचेच पाणी खोल भेगांतून खाली जाते, पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांतून वर येते. येथे ज्वालामुखीचा संबंध नाही. पालघरपासून राजापूरपर्यंत कोकणात अशा कुंडांची जी रांग दिसते, ती याच भेगांच्या पट्ट्यावर आहे. या कुंडांतून नदीला मिळणारे पाणी अगदी अल्प. नदीला खरोखर जगवतात ते उथळ खडकांतून झिरपणारे, कोणाच्या लक्षातही न येणारे थंड झरे.

या झऱ्यांचे महत्त्व तानसेवर अधिकच आहे, कारण तिचे वरचे पाणी तिचे राहिलेले नाही. १८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण झाले आणि तेव्हापासून ते पाणी मुंबईला जाते. पावसाळ्यात तलाव भरून वाहू लागला की खालच्या गावांना सावधानतेचा इशारा मिळतो. पाऊस सरला की धरणाखालच्या नदीत उरते ते मुख्यतः आजूबाजूच्या ओढ्यांचे आणि झिरप्याचे पाणी. तानसा तलावात होडी नेण्याचा विचार मात्र कोणी करू नये. ते एका महानगराचे पिण्याचे पाणी आहे आणि भोवती अभयारण्य आहे.

वज्रेश्वरीपाशी हिवाळ्यात नदी खडकाळ आणि उथळ असते. कयाक साधारण अर्धा फूट पाण्यातही तरंगते हे खरे; पण वर माणूस बसला, सामान ठेवले आणि खाली काळा खडक असला, की होडी उचलून चालण्यातच सकाळ जाते. वल्हवण्याजोगे सलग आणि शांत पाणी खालच्या अंगाला, भाताणे-खानिवड्याच्या बाजूला मिळते, आणि ते मिळते खानिवड्याच्या बंधाऱ्यामुळे. हा बंधारा एका हाताने गोडे पाणी अडवतो आणि दुसऱ्या हाताने भरतीचे खारे पाणी वर येऊ देत नाही. पावसाळ्यानंतर त्याची दारे बसली की मागे पाणी तुंबते आणि त्यावर काठच्या गावांची रब्बीची शेती उभी राहते. दारे बसायला उशीर झाला, तर खाडीचे पाणी आत शिरते. सहलीच्या तारखा ठरवताना पहिली चौकशी म्हणूनच बंधाऱ्याची करावी: दारे बसली का, पाणी किती तुंबले? हे गावात कोणीही शेतकरी सांगेल. त्याच ओघात त्यांना आपला बेतही सांगावा, ग्रामपंचायतीला कल्पना द्यावी. काठावर पंप असतात, पाण्यात त्यांच्या नळ्या असतात, मासेमारीची जाळी आडवी लावलेली असतात. शहरातून आलेल्या वल्ह्याने एखादे जाळे फाटले, तर नुकसान कोणाचे होते हे वेगळे सांगायला नको.

बंधाऱ्याजवळ मात्र कोणत्याही कारणाने जाऊ नये. वरून पाहणाऱ्याला बंधारा म्हणजे चार-पाच फुटांची निरुपद्रवी पायरी वाटते. त्यावरून पाणी सांडत असेल, तर पायथ्याशी ते गोल फिरत राहते आणि त्यात सापडलेली होडी वा माणूस पुन्हा पुन्हा भिंतीकडेच ओढला जातो. पट्टीचे पोहणारेही या भोवऱ्यातून सुटत नाहीत. शंभर मीटर अलीकडे काठाला लागायचे आणि पलीकडे जायचेच असेल तर होडी खांद्यावर घेऊन जायचे, हा नियम जगभरचे वल्हवणारे पाळतात. हीच सावधगिरी बुटक्या पुलांनाही लागू. पांढरताऱ्याचा पूल पावसाळ्यात पाण्याखाली जाण्यासाठी वर्षानुवर्षे ओळखला गेला आहे. अशा पुलांच्या मोऱ्यांत पुराबरोबर आलेली झाडे-झुडपे अडकून राहतात आणि ती पाण्याखाली असल्याने दिसत नाहीत. तळाचाही भरवसा नसतो. रेतीचा उपसा झालेल्या पात्रात गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट पुरुषभर खड्ड्यात पडू शकते. ‘पाणी कमी आहे, जाकीट कशाला?’ असे म्हणणाऱ्याला बरोबर नेऊ नये. जीवरक्षक जाकीट होडीत ठेवण्यासाठी नसते, ते अंगावर बांधायचे असते.

पाणी खरोखर नितळ आहे का, हे घरबसल्या कळत नाही. पण पाहण्याची युक्ती सोपी आहे. १८६५ मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात पांढरी चकती दोरीने सोडून ती किती खोलवर दिसेनाशी होते हे मोजले. आजही तलाव-नद्यांची पारदर्शकता याच रीतीने मोजली जाते. आठवडाभर आधी पाहणीला जाणाऱ्याने घरातली एखादी पांढरी थाळी, तिला बांधायला वजन आणि गाठी मारलेली दोरी न्यावी. थाळी एक मीटरवर दिसत असेल, तर आपल्याकडच्या मानाने पाणी उत्तमच म्हणायचे. दोन दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस झाला असेल, तर हा खटाटोपही व्यर्थ. पाणी पुन्हा निवळायला काही दिवस द्यावे लागतात.

वेळ सकाळचीच. कोकणात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. ऊन चढले की दिशा उलटते आणि खारे वारे सुरू होतात. तानसा पश्चिमवाहिनी आहे. बंधाऱ्याच्या मागून निघून नदीच्या वरच्या अंगाला, पूर्वेकडे वल्हवत गेलेल्या मंडळींना दुपारी परतताना हे खारे वारे थेट तोंडावर येतात. आणि तेव्हा हात दमलेले असतात. नवखा माणूस शांत पाण्यात तासाला तीन-चार किलोमीटर जातो, समोरून वारा असला तर त्याच्या निम्मेही नाही. सात वाजता पाण्यात उतरावे, दीड तासाने जेथे असाल तेथून वळावे आणि अकराच्या आत काठाला लागावे. अंतर ठरवून निघणाऱ्यांपेक्षा वेळ ठरवून निघणारे सुखरूप परततात. होडी म्हणून वर बसायची, बंद पोट नसलेली प्लास्टिकची कयाक नवख्यांना बरी; ती उलटली तरी पाण्याने भरत नाही. हवा भरायच्या होड्या घडी करून लोकलमधून नेता येतात, पण काट्याकुट्यांच्या आणि खडकांच्या पात्रात त्यांचे आयुष्य थोडे.

बंधाऱ्याच्या खाली गोष्टच वेगळी. तेथून पुढे तानसा ही नदी राहत नाही, खाडी होते आणि वैतरणेला मिळते. पाणी नितळ नसते, चिखल आणि खारफुटी यांचे राज्य असते. ज्यांना पक्षी पाहायचे आहेत त्यांनी तेथे जाणकाराबरोबर अवश्य जावे, मात्र पंचांग पाहून. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करावी, जे येईल ते भरतीचे घड्याळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. निर्मळच्या जत्रेच्या एकादशीला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, मुंबईच्या किनाऱ्यावर भरती साडेचार मीटरच्याही वर जाते आणि ओहोटीचा ओढ भल्याभल्यांना आवरत नाही. अष्टमीच्या मागे-पुढे भांगाचे दिवस, तेव्हा प्रवाह मंद असतो. नवख्यांनी तेच निवडावेत. खाडीत आत भरती उशिरा पोचते, हेही गणितात धरावे. भरतीबरोबर वर जायचे, ओहोटी लागताच परत फिरायचे. ओहोटी संपेपर्यंत रेंगाळणारे कमरेएवढ्या चिखलात होडी ओढत बसतात.

हौशी मंडळी कोलाडला कुंडलिकेवर जातात किंवा तारकर्लीला कर्लीच्या खाडीत, तेव्हा त्यांना ही सगळी उठाठेव करावी लागत नाही. कुंडलिकेला सकाळी उधाण आणते ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणारे पाणी, आणि त्याची वेळ ठरलेली असते. सोबत वाटाडे असतात, बचावाची माणसे असतात. तानसेवर यातले काही गृहीत धरता येत नाही. म्हणून पहिल्याच खेपेला येथे येण्यापेक्षा अशा ठिकाणी वल्हे हाताळून यावे, हे अधिक शहाणपणाचे.

राहिला प्रश्न पाण्याच्या शुद्धतेचा. मराठीत नितळ आणि निर्मळ हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो, पण नदीकाठी त्यांत अंतर ठेवावे लागते. नितळ म्हणजे ज्यातून तळ दिसतो ते. निर्मळ म्हणजे ज्यात मळ नाही ते. डोळ्यांना गाळ दिसतो, जंतू दिसत नाहीत. वस्तीचे सांडपाणी मिसळलेले पाणीही हिवाळ्यात आरशासारखे दिसू शकते. उंदीर-घुशी आणि जनावरांच्या मूत्रातून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिसचा जंतू अंगावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात जातो. हाता-पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नये, नदीचे पाणी तोंडात घेऊ नये, घरी येऊन साबणाने आंघोळ करावी आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना नदीत उतरल्याचे आवर्जून सांगावे. ते सांगितले नाही, तर साधा ताप समजून उपचार लांबतात.

होडी परत आणल्यावर ती धुवावी लागते. खाडीत नेली असेल तर गोड्या पाण्याने नक्कीच. निर्मळ, गास, भुईगाव या पट्ट्यात ते पाणी वाडीतल्या विहिरीतून किंवा बावखलातून येते. बावखल म्हणजे वाडीत खणलेले लहानसे तळे: पावसाने भरते, जमिनीतल्या झिरप्याने टिकते आणि पूर्वी त्याला रहाट जोडून केळी-पानवेलींना पाणी दिले जाई. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना हे पाणी गोडे कसे, याचेही उत्तर भूजलातच आहे. खाऱ्या पाण्यापेक्षा गोडे पाणी हलके असते, त्यामुळे वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत त्याचा थर असतो, असा ढोबळ नियम आहे. हेच गणित उलटही चालते. उपशाने पातळी मीटरभर खाली गेली, की तळाचे खारे पाणी चाळीस मीटर वर सरकू पाहते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. बांधकामांचे अतिक्रमण आणि टँकरने होणारा बेसुमार उपसा यांच्या विरोधामागे हेच गणित होते. पुढे महापालिका आली, सूर्या धरणाचे पाणी आले. बावखले मात्र भराव टाकून बुजवली जातच राहिली.

तानसेच्या काठची विहीर आणि तानसेचा झरा यांचे नातेही असेच आहे. काठावरच्या कूपनलिका अधिक खोल गेल्या, अधिक तास चालल्या, की विहीर आटण्याच्या आधी झरा थांबतो. कारण तो साठ्याच्या सर्वांत वरच्या काठावरून सांडत असतो. पौषात पांढरी थाळी किती खोल दिसली आणि काठावरच्या खडकाला पाणी कुठवर टेकले होते, याची नोंद दरवर्षी त्याच जागी, त्याच तिथीला कोणी करत गेले, तर चार-पाच वर्षांत तो एक उपयुक्त कागद होईल. त्यासाठी दोरी, थाळी आणि वही एवढेच लागते, आणि ते होडीत मावते.